मिरगाचं की दिवाळीचं?

दिवाळीनंतर आमच्या तिसरीत पटावर एकवीस पोरं, वर्गात बारा-तेरा. बाकीची कापूस वेचायला. जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्या दिवशी पावसाचा उतारा होता. मुलगा पावसात नाचतो, होडी सोडतो. एका मुलीने न अडखळता वाचला. निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या अभियानाचं तिसरीचं लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून. घड्याळ लावून शब्द मोजायला आम्ही सगळे शिकलो, अर्थाचं काम मात्र "समजलं का?" "होऽऽ" एवढ्यावर उरकतं.

मी मध्येच थांबते. आधी माझी आठवण सांगते, मग मुलांची विचारते. आणि ती सांगून झाली की पोराला परत उताऱ्यात आणते: मग त्या मुलाला काय वाटलं असेल? हे शेवटचं सोडलं तर नुसत्या गप्पा होतात. मला ते जमायला चार वर्षं लागली.

त्या दिवशी उतारा वाचणारी ती मुलगी अहिराणीत म्हणाली, "पानी उनं का मन्ही माय रडस." पाऊस आला की माझी आई रडते.

कुणी हसलं नाही. 'पाऊस आला की, असं म्हण' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. शेजारच्या वर्गावर तसंच चालतं आणि तिथली मुलं तोंड उघडत नाहीत. मी विचारलं, "का गं?"

दुसऱ्या दिवशी तिने दप्तरातून बोंड काढलं. कापूस पिवळट, बोटाने दाबला तर ओला, आणि आतल्या सरकीतून पांढरा कोंब बाहेर आलेला. व्यापारी हा हातात घेऊन बाजूला टाकतो, ती म्हणाली. बोंड सगळ्या वर्गात फिरलं.

मग उतारा पुन्हा वाचला. मागच्या रांगेतून प्रश्न आला, "मॅडम, हाई पानी मिरगनं शे का दिवाळीनं?"

उताऱ्यात तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला तर हा प्रश्न कधी सुचलाच नव्हता. मुलं चित्रावर वाकली. तीच म्हणाली, शेत काळंच आहे, पेरणी व्हायचीय. मिरगाचं पाणी आहे. मग तो नाचेलच ना.

पंधरा दिवसांनी घटक चाचणी झाली. प्रश्न होता, 'पाऊस पडल्यावर तुला कसे वाटते?' तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'मला खूप आनंद होतो.' उत्तरसूचीतही तेच होतं. मी दोनपैकी दोन गुण दिले.