पान साडेआठला सुटतं

पावसाळ्यात कोल्हापूरकर पेपर उघडतो तो आधी एक आकडा बघायला: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या आकड्यावरून सुतारवाड्यातली बाई ठरवते सामान बांधायचं की थांबायचं. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीतला माणूस ठरवतो जनावरं सोनतळीला आज हलवायची की उद्या. मी रात्रपाळीला डेस्कवर असतो. जुलै-ऑगस्टमध्ये दिल्लीच्या कुठल्याही मुख्य बातमीपेक्षा मला हा आकडा मोलाचा वाटत आलाय.

आमचं स्वतःचं छपाईचं मशीन होतं तेव्हा शहर आवृत्तीचं पान एक रात्री एकनंतर छपाईला सुटायचं. मशीन सुरू झाल्यावरही नवी पातळी आली की आम्ही ती घ्यायचो. बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं: रंगीत पानाच्या छपाईला चार प्लेटा असतात, एकेका शाईची एक, पण आकडा काळ्या शाईत असतो. त्यामुळे एकच काळी प्लेट नव्यानं काढली की भागतं. मशीनवरचे मामा काही मिनिटांत ती चढवायचे आणि पुढच्या गठ्ठ्यांत ताजं पाणी जायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांवर गेली, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, निम्मा स्टाफ घरात अडकला, तरी आम्ही चार पानांचा अंक काढला. त्या अंकात पातळीपुढं रात्री दोनची वेळ छापलेली होती. आजही त्याचा मला अभिमान आहे.

मग खर्च कमी करायचे दिवस आले. खर्च वाढला होता हे खोटं नाही. २०१९ च्या बजेटमध्ये न्यूजप्रिंटवर, म्हणजे पेपरच्या कागदावर, १० टक्के आयात शुल्क बसलं. पुढच्या वर्षी ते ५ टक्क्यांवर आलं, तोवर कोविड आला आणि जाहिराती आटल्या. पण कपात कुठून सुरू झाली? आधी मुद्रितशोधक गेले, मग एक फोटोग्राफर, मग मशीन. आता अंक जिल्ह्याबाहेर दुसऱ्याच्या मशीनवर छापून टेम्पोनं येतो. पानं लावायचं कामही दुसऱ्या शहरातल्या एकत्रित डेस्ककडं गेलं. पान एक साडेआठला सुटतं. नेत्यांचे कार्यक्रम तर आठला सुरू होतात.

त्या रात्रीचं सांगतो. जुलैअखेर होती, राधानगरीत दिवसभर धो धो पाऊस. संध्याकाळी पातळी ३७ फूट ४ इंच. मी बातमी दिली, चिखलीत लोक आवराआवर करताहेत हेही लिहिलं. आठ वाजता एकत्रित डेस्कवरून फोन आला. ‘‘सर, चिखली बुलढाण्यातली ना? मी ती राज्याच्या पानावर घेतलीय.’’ पोरगा नवा होता, एकटा चार आवृत्त्या बघत होता. त्याला काय बोलणार? प्रयाग चिखली म्हणजे काय, तिथं नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते, हे त्याला घाईघाईत समजावलं आणि बातमी परत पान एकवर आणवली. साडेआठला पान गेलं.

साडेदहाच्या सुमारास राधानगरीच्या वार्ताहराचा फोन. ‘‘साहेब, सहा नंबर उघडला!’’

राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. कुणी बटण दाबत नाही. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी भोगावतीत येतं. ते शहरापर्यंत पोचायला काही तास लागतात. ते मधले तास हीच आमची बातमी असते, बाकी सगळं नंतरचं वर्णन. हा वार्ताहर भर पावसात तिथं उभा राहून फोटो पाठवत होता. त्याच्या मानधनात पेट्रोलही भागत नाही, घर चालतं ते वाढदिवसाच्या जाहिरातींच्या कमिशनवर. तरी तो तिथं होता.

मी मशीनवर फोन लावला. म्हटलं, छपाई सुरू झाली नसेल तर काळी प्लेट बदला, चार ओळी आणि आकडा देतो. व्यवस्थापक म्हणाले, ‘‘टेम्पोची वेळ चुकते. दरवाजा उद्या घ्या.’’ त्याच आठवड्यात एका नेत्याच्या वाढदिवसाच्या जाहिरातीत एका कार्यकर्त्याचा फोटो राहिला म्हणून हेच मशीन पाऊण तास थांबवलं होतं. तेव्हा टेम्पोही थांबला होता. जाहिरातीवर पगार होतो, मला कळतं. पण जाहिरात ज्या कारणानं आपल्याकडं येते, त्या कारणाची किंमत शून्य कशी धरायची?

मध्यरात्रीपर्यंत आणखी दोन दरवाजे उघडले. डिजिटलच्या मुलीची पाळी संपली होती, तरी तिनं घरून पोस्ट टाकली. सकाळपर्यंत ती जिल्हाभर फिरली, वरिष्ठांनी ग्रुपवर तिचं कौतुक केलं. तिनं ते काम चोख केलं, वादच नाही.

पहाटे पाणी इशारा पातळी ओलांडून गेलं आणि आमचा अंक ३७ फूट ४ इंच घेऊन गावात पोचला. सातला आमच्या जुन्या विक्रेत्या मामांचा फोन. ‘‘साहेब, चिखलीचा गठ्ठा पोरानं तसाच परत आणलाय. लोक म्हणत्यात, कालचं पाणी आज कशाला इकतोस?’’

थोड्या वेळानं आंबेवाडीच्या एका म्हाताऱ्या वर्गणीदाराचा फोन आला. मला वाटलं, शिव्या देणार. ग्रामपंचायतीच्या भोंग्यानं त्यांना रात्रीच उठवलं होतं, म्हशी सुखरूप होत्या. ‘‘आमच्या वडलांपास्नं तुमचा आकडा बघून दावी सोडायची सवय हाय,’’ ते म्हणाले. ‘‘माज्याकडं साधा फोन हाय. आता पेपर कशाला घेऊ, ते तुमीच सांगा.’’ मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

पावसाळ्याचे दोन महिने तरी पान एकची वेळ पुढं न्या, असं मी लेखी दिलं. टेम्पोचा करार बदलता येत नाही, असं तोंडी कळलं. विक्रेत्या मामांनी ऑगस्टपासून नदीकाठच्या गावांचे आमचे अंक निम्मे केले. दिवाळीच्या आधीच्या बैठकीत वितरणाचा तक्ता लावला तेव्हा ती गावं लाल रंगात होती आणि कारणाच्या रकान्यात ‘मोबाईल’ लिहिलं होतं. मी उठून सांगितलं, ते कारण नव्हे, ही गावं आपल्या हातून त्या रात्री गेली. साहेब म्हणाले, पुढचा मुद्दा घेऊया. तक्त्यात तो शब्द तसाच राहिला. यंदा मे महिन्यातच तोच अर्ज मी पुन्हा दिलाय, या वेळी मामांची आणि त्या वार्ताहराचीही सही घेऊन.