आतड्याच्या गल्लीत, ग्लूटेनशिवाय

इटलीतल्या समुद्रकाठच्या अलासिओ गावातल्या मुख्य गल्लीला सगळे 'बुदेल्लो' म्हणतात. इटालियनमध्ये बुदेल्लो म्हणजे आतडं. समुद्राला समांतर जाणारी, अरुंद, लांबच लांब गल्ली, दोन्ही बाजूंना दुकानं. अर्थ कळल्यावर मी आणि नवरा जे हसत सुटलो, ते मुलांना कळेना. कळणार कसं? गेली दोन वर्षं आमच्या घरात आतडं हाच विषय आहे.

थोरली सहा वर्षांची. तिला सिलिअ‍ॅक आहे. गहू, जव किंवा राय या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतलं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध नाही, फक्त पथ्य, तेही जन्मभराचं. युरोपात पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असून चालत नाही. आणि सांगलीला आमच्याकडे प्रश्न असतो, "अगं, एवढ्याशा पोळीनं काय होतंय?" यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. आपल्याकडे माया आग्रहात मोजतात, त्याला कोण काय करणार.

तर यंदा जूनमध्ये झुरिकहून गाडी काढली. आल्प्समधल्या गॉटहार्डच्या जवळपास 17 किलोमीटरच्या बोगद्यात धाकट्यानं "संपला का?" हे किमान चाळीस वेळा विचारलं. डिकीत अर्धी वाळूची खेळणी आणि अर्धं स्वयंपाकघर. भाड्याच्या घरातली चाळणी आणि लाकडी चमचा मी वापरत नाही. भोकांत आणि चिरांत आदल्या पाहुण्यांचा पास्ता बसलेला असतो. म्हणून आपली चाळणी, आपला तवा, आपलं उलथनं, भांडी घासायचा नवा स्पंज. शिवाय राजगिऱ्याचे लाडू, साबुदाणा, वरई, उपवासाची भाजणी (साध्या भाजणीत गहू असतो). हिंग मात्र घरीच ठेवला. डबीतल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, हे आम्हाला निदानानंतर सहा महिन्यांनी कळलं. तोवर रोज वरणाला हौसेनं फोडणी देत होतो. थोडक्यात, पोरीची बाराही महिने एकादशी.

"पास्ता-पिझ्झाच्या देशात कशाला नेताय पोरीला?" हा प्रश्न येणार होताच. उलट आहे. इटलीत सिलिअ‍ॅक असणाऱ्यांची संघटना 1979 पासून आहे, आणि बाहेर निर्धास्त कुठं जेवता येईल याची यादी ती ठेवते. 2005च्या कायद्यानं सरकारी शाळांच्या आणि इस्पितळांच्या खानावळीत मागितल्यास ग्लूटेनविरहित जेवण द्यावंच लागतं. निदान झालेल्यांना खास पिठं-पाव घ्यायला सरकार दरमहा ठरावीक रक्कम देतं. 2023 मध्ये तर मुलांची या आजारासाठी तपासणी करण्याचा कायदाही झाला. पण हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात फरक एवढाच की "मिया फील्या ए चेलीआका", माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे, हे वाक्य उच्चारल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर 'म्हणजे काय?' उमटत नाही.

तरीही पहिल्याच संध्याकाळी आम्ही फसलो. इथली हॉटेलं रात्रीच्या जेवणाला साडेसातच्या आत चूल पेटवत नाहीत, आणि आमची दोघं सहाला भुकेनं रडायला लागतात. एक जागा उघडी दिसली. मी वाक्य म्हटलं. पोऱ्या गोड हसून म्हणाला, "हो हो, काही काळजी नको." फ्रेंच फ्राइज आले. बटाटा, तेल, मीठ, बिघडणार काय? पिठात घोळवलेले माकूल (स्क्विड) त्याच तेलात तळत असणार, हे विचारायचं माझ्याकडून राहिलं. रात्री अकरापासून दोनपर्यंत थोरली उलट्या करत होती आणि मी बाल्कनीत बादली धूत होते. समोर समुद्र, चांदणं, सगळं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला छत्रीखाली निजवून ठेवली. इथं किनाऱ्याचा बराचसा भाग 'बान्यी'वाल्यांकडे, म्हणजे किनारा भाड्यानं देणाऱ्यांकडे असतो. एक छत्री, दोन आरामखुर्च्या, दिवसाचं किंवा आठवड्याचं भाडं, आणि रांग जितकी पुढची तितका दर चढा. लिगुरियात, म्हणजे इटलीच्या या किनारी प्रांतात, बऱ्याच ठिकाणी गोटेच गोटे. अलासिओला मात्र मऊ वाळू आणि लांबवर उथळ पाणी. धाकटा गुडघाभर पाण्यात उभा राहून गालिनारा बेटाला "कासव" म्हणून हाका मारत होता. दिसतंही तसंच.

शेजारच्या छत्रीतल्या आजींनी थोरलीच्या हातात फोकाच्चाचा, म्हणजे इथल्या चपट्या पावाचा, तुकडा ठेवला. मी झेपावले, वाक्य म्हटलं. आजींनी तो तुकडा असा ओढून घेतला, जणू विंचू होता. मग तिचे दोन्ही हात बाटलीतल्या पाण्यानं स्वतः धुतले, बोटं एकेक करून. हात धुवायचे, हे मी सांगितलं नव्हतं. (याच आजी जेवल्यावर दोन तास कुणाला पाण्यात जाऊ देत नाहीत. माझी आजी विहिरीबाबत हेच म्हणायची.)

तिसऱ्या दिवशी बुदेल्लोजवळच्या एका दुकानात फारिनाता दिसली. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. तांब्याच्या भल्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून खरपूस, आत मऊ, वर मिरपूड. म्हणजे आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त उलथायचं नाही. थोरली काचेला नाक लावून उभी. मी नाणी काढली, सवयीनं वाक्य म्हटलं, आणि दुकानदारानं हातातला कटर खाली ठेवला. "मग नाही देणार." भट्टी एकच आहे, त्याच भट्टीत पिझ्झा जातो, पीठ उडतं. वर बजावलं, की सावोनाकडे पांढरी फारिनाता मिळते, ती चक्क गव्हाच्या पिठाची असते, तेव्हा नावावर जाऊ नका.

थोरलीनं गल्लीभर भोकाड पसरलं. मला मात्र त्या माणसाला वाकून नमस्कार करावासा वाटला. "काळजी नको" म्हणणारे खूप भेटतात. समोर आलेलं गिऱ्हाईक सोडून "नाही" म्हणणारा विरळा. त्यानंतर आठवडाभर मी हॉटेलं अशीच पारखली. ज्यानं उलट प्रश्न विचारले तिथं बसलो, जो नुसता हसला तिथून उठलो. आइस्क्रीमवाल्या मुलीनं न सांगता नवा डबा उघडला आणि चमचा धुऊन घेतला, तेव्हा तिला मी जरा जास्तच सुटे पैसे ठेवले.

फारिनाता काही थोरलीच्या डोक्यातून जाईना. मग त्याच दुकानदारानं सांगितलेली पानिस्सा केली. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, ताटात थापायचं, गार झालं की कापायचं. ऐकतानाच मला हसू येत होतं. सुपरमार्केटातून गव्हाच्या कणसावर काट मारलेली खूण पाहून पीठ आणलं, आपल्या कढईत घोटलं, आणि व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं.

"हे काय, पाटवडी?" आई म्हणाली. "खोबरं-कोथिंबीर कुठंय?"

शेवटच्या दिवशी डबा भरून किनाऱ्यावर नेला. थोरलीनं पहिला तुकडा शेजारच्या आजींपुढे धरला. आजींनी आधी तो उलटसुलट करून पाहिला, मग माझ्याकडे बघून विचारलं, "यात गहू नाही ना? तिच्याच डब्यातलं आहे ना?" आणि मग खाल्ला. वाळूसकट.