दादाची मूळव्याध

भिवापूरहून उमरेडमार्गे शेवटच्या बसनं दादा आला, तेव्हा हातात मिरचीची थैली. "तुले चालत नाही, माहीत हाये मले. जावयासाठी आनली." दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. दुसऱ्या दिवशी नागपुरात धंतोलीत त्याची कोलोनोस्कोपी होती, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीतून आतून बघायचं होतं.

रात्री आठला मी दोन लिटर पाण्यात पोट साफ करायची पावडर कालवली आणि त्याला पेल्यापेल्यानं द्यायला बसले. तिसऱ्या पेल्याला त्यानं तोंड वाकडं केलं. "कढीत मीठ दोनदा पडल्यावानी लागते." मग पहाटेपर्यंत संडासाच्या दाराची कडी वाजत होती. मला हे सगळं पाठ आहे. २०१९ पासून मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आणि जखमा.

माझं निदान तीन महिन्यांत झालं. ऑफिसपासून पोटविकारतज्ज्ञ दोन चौकांवर. स्कोप, बायोप्सी, मेसालामाइनच्या गोळ्या. तेव्हा ऐकलं होतं की हा शहरातला आजार. बाहेरचं खाणं, ताण वगैरे. मला ते पटलंही होतं, कारण तर्री-पोह्यावर माझा जीव.

दादाला रक्त पडत होतं माझ्याही आधीपासून. पण त्याची 'मूळव्याध' होती. 'विना ऑपरेशन' पाटीवाल्याच्या पुड्या झाल्या, आव पडते म्हणून मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या झाल्या, कुणी मिरची सोडायला सांगितली. भिवापुरात राहून! वजन अकरा किलोनं उतरलं. एवढ्या वर्षांत आतून बघू या असं एकानंही म्हटलं नाही. सोय होती कुठे?

माझं निदान झाल्यावर मी वाचत सुटले. २००३ मध्ये पंजाबातली एक पाहणी छापून आली, घरोघरी जाऊन केलेली. ५१,९१० माणसांत हा कोलायटिस २३ जणांना, म्हणजे लाखामागे ४४. अलीकडे हैदराबादच्या डॉक्टरांनी पोटाच्या तक्रारी असलेल्या ३० हजारांहून जास्त लोकांची आतडी दुर्बिणीतून पाहिली, शहरातल्यांची आणि खेड्यांतल्यांचीही. शंभरात पाचेकांना कोलायटिस किंवा त्याचाच भाऊबंद असलेला आतड्याच्या सुजेचा आजार, क्रोन्स, निघाला, आणि खेड्यातले लोक त्यातून सुटलेले नव्हते. उलट कॅनडातल्या एका अभ्यासात लहानपण खेड्यात गेलेल्यांना हा आजार कमी दिसला. कॅनडात तसं असेलही. दादाचं तर सगळं लहानपण गोठ्यात, वासरांच्या अंगावर लोळण्यात गेलं.

मला वाटतं, दुर्बीण पोचते तिथे आजार सापडतो, नाही तिथे मूळव्याध.

सकाळी काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म भरायला घेतला. नाव, वय. "पत्ता?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. रिपोर्ट घ्यायला मलाच यायचं होतं, म्हणून मी सांगून टाकलं, "मानेवाडा, नागपूर."

रिपोर्टात कोलायटिसच निघाला, डाव्या बाजूचा. वर पेशंटच्या नावाखाली छापलेलं होतं: मानेवाडा, नागपूर. पुढच्या तपासणीच्या वेळी पत्ता बदलून घ्यायचा आहे.