सराव नोंद: सध्या फक्त उजवा पाय

या महिन्यात नवी रचना घेतली नाही, फक्त पेडल. पेटीवरून पियानोकडे वळलेल्यांना यामागची गरज लगेच कळेल. पेटीत बोट पट्टीवर आणि हवा भात्यात, तोवर सूर. पियानोत बोट उचललं की फेल्टचा डँपर तारेवर येऊन बसतो आणि सूर तिथेच थांबतो. उजवं पेडल हे सगळे डँपर एकदम उचलून धरतं. (सगळ्यात वरच्या साधारण दीड सप्तकाला डँपर नसतातच. तिथल्या तारा इतक्या आखूड की नाद आपसूक विरतो.)

नाद लांबवणं हे या पेडलचं अर्धंच काम. मधला सी आवाज न करता हळूच दाबून धरा आणि त्याच्या खालच्या सप्तकातला सी जोरात वाजवून लगेच सोडा. न वाजवलेला सी गुणगुणताना ऐकू येईल. सतारीच्या तरफा (न छेडताही झंकारणाऱ्या तारा) झंकारतात तसंच. पेडल खाली असताना सगळ्या पियानोच्याच तरफा होतात, म्हणून पेडल आधी दाबून वाजवलेला कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) आणि वाजवल्यावर पेडल दाबलेला कॉर्ड यांचा रंग वेगळा येतो. हा फरक कानात बसला तेव्हापासून सरावाला मजा येते आहे.

आता मुख्य मुद्दा. पेडल दाबण्यापेक्षा सोडणं अवघड. नवा कॉर्ड वाजतो त्याच क्षणी पाय वर, आणि तो कॉर्ड पकडून लगेच खाली. म्हणजे हात खाली जाताना पाय वर, अगदी उलट. पायाला हातासोबतच खाली जायचं असतं, त्याची समजूत घालावी लागते. मेट्रोनोम ५० वर ठेवून सी, एफ, जी हे कॉर्ड घेतले: एकला कॉर्ड वाजवून पाय वर, दोनला पाय खाली. मग ते अंतर कमी करत आणलं. टाच जमिनीवरच. पाय पेडलवरून पूर्ण उचलला तर खटखट ऐकू येते.

मग शोपाँचं ई मायनर प्रील्यूड (ओपस २८, क्र. ४). डाव्या हाताचे कॉर्ड एकेका सुराने खाली सरकत जातात. पेडल उशिरा बदललं की जुना सूर नव्यात मिसळून चिखल. इथे पायापेक्षा कानच जास्त थकतो.

बेथोव्हनचा ‘मूनलाइट’ सोनाटा (१८०१) ही वेगळीच भानगड. पहिला भाग डँपरशिवाय (म्हणजे पेडल दाबूनच ठेवून) वाजवा, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे. त्याच्या काळच्या वाद्यात नाद लवकर विरायचा. आजच्या पियानोवर ते शब्दशः पाळलं तर सगळं एकमेकांत कालवलं जातं. मी बास (सगळ्यात खालचा सूर) बदलला की पेडल बदलतो. अर्धं पेडल, म्हणजे डँपर तारेला जेमतेम टेकतील इतकंच सोडणं, अजून दहातून चारदा जमतं.

डावं पेडल थोडक्यात. माझ्या अपराइटमध्ये (उभ्या पियानोत) ते हातोड्या तारांच्या जवळ आणतं, त्यामुळे आवाज कमी होतो आणि पट्ट्या जरा सैल लागतात. ग्रँडमध्ये (आडव्या, मोठ्या पियानोत) अख्खा कीबोर्ड उजवीकडे सरकतो, तीन तारांच्या सुरात हातोडी दोनच तारांना लागते आणि तीही फेल्टच्या कमी दबलेल्या भागाने. म्हणून तिथे आवाजासोबत पोतही बदलतो. ओळखीच्यांकडच्या बेबी ग्रँडवर हे करून पाहिलं. पट्ट्या खरंच सरकताना दिसतात!

मधल्या पेडलवरून नवखे हमखास गोंधळतात. ग्रँडमध्ये ते सोस्टेनुटो: दाबताना जे डँपर आधीच वर असतील तेवढेच धरून ठेवतं. स्टाइनवेनं १८७४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बऱ्याच अपराइटमध्ये मात्र त्याच जागी तारांपुढे फेल्टची पट्टी आणणारं सरावाचं पेडल असतं. रात्री दहानंतर सोसायटीत माझं सगळ्यात लाडकं पेडल तेच.

डिजिटलवाल्यांसाठी: कीबोर्डसोबत येणारं छोटं चौकोनी पेडल बहुधा नुसता स्विच असतो. अर्ध्या पेडलचा सराव करायचा तर सतत मूल्य पाठवणारं पेडल घ्या, पण तुमचा कीबोर्ड ते ओळखतो का, हे मॅन्युअलमध्ये आधी बघा.

पुढच्या नोंदीत प्रील्यूडचं रेकॉर्डिंग टाकेन, पेडलसह आणि पेडलविना.