तिकीट आहे का?

रोज सकाळी सव्वासहाला मी वही घेऊन हडपसरच्या कॅनॉलवर जातो. बायको म्हणते, एसटी सुटली पण ह्यांचं वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद, काही सुटलं नाही. बरोबरच आहे तिचं. २९ वर्षं कंडक्टरकी केली, त्यातली बरीचशी स्वारगेट डेपोत. कागदावर नोंद नसेल तर गोष्ट घडलीच नाही, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की दूधवाल्याचा हिशोबसुद्धा मी दोन ठिकाणी लिहितो.

वहीचं कारण मात्र हडपसरला सापडलं नाही. ते सापडलं विलायतेत.

लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं सहा महिने सॉलिहलला होतो. बर्मिंगहॅमच्या शेजारचं गाव. बायकोला डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाची मालिश यातून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. मला काही कामच नव्हतं. तिथल्या स्वयंपाकघरात मी उभा राहिलो तरी कुणाच्या तरी वाटेत यायचो. मग जावयानं एका रविवारी लॅपवर्थ नावाच्या खेड्यात कॅनॉल बघायला नेलं आणि पुढं मी एकटाच आगगाडीनं जायला लागलो.

आपल्या कॅनॉलसारखा तो नाही. तिथलं पाणी शेतीसाठी नाही, नावा जाण्यासाठी. दोनशे वर्षांपूर्वी कोळसा न्यायला खणलेले हे पाट. नाव लांबलचक, रुंदीला जेमतेम आपल्या रिक्षापेक्षा थोडी जास्त. चढ आला की लाकडी दारांच्या हौदात नाव घ्यायची, दारं लावायची, वरचं पाणी आत सोडायचं, नाव आपोआप वर येते. त्याला लॉक म्हणतात. काठावर बसून हे सगळं रिकामटेकडेपणानं बघत बसणाऱ्याला त्यांच्यात एक खास शब्द आहे, गॉन्गूझलर. महिनाभर मी तेच होतो.

त्या कॅनॉलवरच्या एका लोखंडी पुलानं मला अडवलं. पुलाच्या बरोबर मधोमध चार बोटं फट. म्हटलं, तडा गेला की काय! एक म्हातारबुवा अंगात लाइफ जॅकेट घालून लॉकची दारं ढकलत होते, त्यांना विचारलं. पूर्वी घोडा काठानं चालायचा आणि दोरानं नाव ओढायचा. पूल आला की घोडा सोडावा लागू नये म्हणून दोर त्या फटीतून पलीकडं जायचा. इतकी साधी युक्ती. घोडा गेला, दोर गेला, पण फट अजून बुजवलेली नाही. लोक तिच्यावरून जपून पाय टाकतात.

म्हातारबुवा पगारी नव्हते. निवृत्त शिक्षक, आठवड्यातून दोन दिवस फुकट येणारे. मी कंडक्टर होतो म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, मग तुम्हाला आमच्या तिकिटाची गोष्ट सांगायलाच पाहिजे.

गोष्ट अशी. लॅपवर्थवरून जाणाऱ्या ह्याच कॅनॉलचा, म्हणजे स्ट्रॅटफर्ड कॅनॉलचा, दक्षिणेकडचा साधारण २१ किलोमीटरचा भाग दुसऱ्या महायुद्धानंतर मोडकळीला आला होता. गाळ, झुडपं, कुजलेली दारं. १९५८ साली तिथल्या कौंटी कौन्सिलनं, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेनं, तो कायमचा बंद करण्याची परवानगी मागितली, कारण विल्मकोटचा एक पूल नव्यानं बांधायचा होता आणि खाली कॅनॉल नसेल तर काम स्वस्तात झालं असतं. कायदा म्हणत होता की तीन वर्षांत कुणी वापरलाच नाही हे दाखवा, मग करा बंद. कौन्सिलला वाटलं, यात दाखवायचं काय, कोण फिरकतंय तिकडं. पण तेवढ्यात दोन जण छोटी वल्ह्याची नाव घेऊन त्या चिखलातून गेले होते आणि जाताना त्यांनी रीतसर टोल भरला होता. पावती त्यांच्याकडं होती. तारखेसकट!

१९५९ साली परवानगी नाकारली गेली. पुढं नॅशनल ट्रस्ट ह्या वारसा जपणाऱ्या संस्थेनं तो भाग ताब्यात घेतला आणि डेव्हिड हचिंग्ज नावाच्या आर्किटेक्टच्या देखरेखीखाली हौशी माणसं, सैनिक आणि चक्क तुरुंगातले कैदी यांनी मिळून गाळ काढला. १९६४च्या जुलैत राजमातेच्या, म्हणजे राणीच्या आईच्या, हस्ते तो पुन्हा सुरू झाला. हे सगळं एकट्या पावतीनं झालं असं मी म्हणत नाही. १९४६पासून तिथं कॅनॉल वाचवणाऱ्या लोकांची संघटना होती, ती ओरडत होती म्हणूनच कुणी ऐकलं. पण ओरडणाऱ्याच्या हातात तिकीट असेल तर चेकिंगवाल्यालाही खाली उतरावं लागतं, हे मी स्वतः किती वेळा बघितलंय.

त्यांचंही सगळं आलबेल आहे असं नव्हे. इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कॅनॉल २०१२पासून एका धर्मादाय संस्थेकडं आहेत, सुमारे ३,२०० किलोमीटर. सरकारी अनुदान २०२७पासून वर्षावर्षाला कमी होत जाणार, असं २०२३मध्ये जाहीर झालं. त्यावर नाववाले मोर्चे काढतात, म्हणजे नावाच एकामागून एक नेतात. म्हातारबुवा म्हणाले, उद्घाटनाला राणी येते, गाळ काढायला कोण येतं?

पुण्यात परत आलो तेव्हा आपल्या कॅनॉलकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

लहानपणापासून त्याच्या काठानं वाढलोय मी. पाठीला डबा बांधून ह्याच पाण्यात पोहायला शिकलो. आई घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या इथं आणून आपटायची. पण हा मुठा उजवा कालवा १८७०च्या दशकातला आहे, फाइफ नावाच्या इंग्रज इंजिनिअर साहेबाच्या देखरेखीखाली खडकवासल्याचं धरण बांधलं तेव्हाचा, हे कधी मनात आलं नव्हतं. जुना कालवा पाटसपर्यंत ११२ किलोमीटर होता, आता तो पार इंदापूर तालुक्यापर्यंत पाणी नेतो. एम्प्रेस गार्डन त्याच्याच पाण्यावर वाढली. नानासाहेब पेशव्यांच्या कात्रजच्या नळाबद्दल पुणेकर अभिमानानं बोलतात, त्याचे उच्छ्वास, म्हणजे हवा सोडायचे बांधीव मनोरे, दाखवायला पाहुण्यांना नेतात. कॅनॉल मात्र आपल्याला वारसा वाटत नाही. त्यात कचरा टाकतो ना आपण, म्हणून असेल.

डाव्या कालव्याचं काय झालं ते बघा. तो खडकीपर्यंत जायचा. आता लॉ कॉलेज रोडच्या मागं, कर्वेनगरात त्याच्यावरून गाड्या जातात आणि पत्त्यात फक्त ‘कॅनॉल रोड’ उरलंय. माझ्या नातवाला विचारलं, कॅनॉल रोड नाव का? म्हणाला, बिल्डरनं ठेवलं असेल.

आता उजव्याची पाळी आहे. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत पाणी बोगद्यातून न्यायचं ठरलंय. माझा त्याला विरोध नाही, हे आधीच सांगतो. माझा एक मित्र उरुळीला शेती करतो. तो म्हणाला, तुम्ही पुण्याची माणसं आमच्या आवर्तनात प्लास्टिक सोडता, पाणी झिरपतं, चोरीला जातं, आणि टेलला, कालव्याच्या शेवटाला, आम्ही वाट बघत बसतो. बोगदा झाला तर तुझं काय जातंय? काही नाही जात. माझं म्हणणं एवढंच, की पाणी खालून गेल्यावर वरच्या कॅनॉलला वारस कोण? भराव, झाडं, दगडी बांधकाम, काठाची वाट, हे सगळं ‘मोकळी जागा’ होणार. मोकळी जागा पुण्यात किती दिवस मोकळी राहते?

म्हणून आम्ही चौघा-पाचांनी, सगळे सकाळचे फिरायला येणारे, एक निवेदन दिलं. थोडं पाणी कायम वाहतं ठेवा, काठाची वाट ठेवा, भरावाला हात लावू नका. एका कार्यालयातल्या बाईंनी पोच दिली आणि विचारलं, ‘हा वापरात आहे असं कशावरून म्हणता?’

त्या दिवशी घरी येताना मी दोनशे पानी वही घेतली.

नोंदी साध्या आहेत. ६:२० दोन बायका, चादरी धुवायला. ६:३५ शाळेची मुलं तीन, काठानं, हायवे टाळून. ६:५० एक माणूस निर्माल्याची पिशवी घेऊन आला, मला बघून परत गेला, मग पलीकडच्या पुलावरून टाकलीच. ७:०५ खंड्या, त्याच तारेवर. पाणी बंद असलं की तळात पोरं क्रिकेट खेळतात, तेही लिहितो. सही करायला लोक लाजतात, अंगठा द्यायला तयार होतात.

एका रविवारी वही घेऊन दांडेकर पुलाकडं गेलो. तिथं एका ताईंना वही दाखवली तर त्या उभ्याच राहिल्या. २७ सप्टेंबर २०१८. सकाळी अकराच्या सुमाराला जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली आणि पाणी खाली वस्तीत घुसलं. उंदीर, घुशी, खेकड्यांनी भिंत पोखरली असं तेव्हा सांगितलं गेलं. ताई म्हणाल्या, ‘काका, तुमच्याकडं लोकं पाणी बघायला जातात. आमच्याकडं पाणीच घर बघायला आलं. माझं कपाट नेलं, पोरीची दहावीची पुस्तकं नेली. हा कॅनॉल तुम्ही वाचवणार?’

मला काही बोलता आलं नाही. वही मिटून निघालो तर त्यांनीच अडवलं. ‘लिहा की हेपण. का फक्त खंड्या लिहायचा?’

लिहिलं. त्यांनी सही केली, पूर्ण नाव, ठळक अक्षरात.

तेव्हापासून वहीला उजवीकडं एक रकाना वाढवलाय: भिंत. कुठं भेग, कुठं घुशीचं बीळ, कुठं भरावावर पिंपळ उगवलाय. पूर्वी पाटकरी आणि चौकीदार कॅनॉलच्या काठानं पायी फिरायचे, त्यांच्या नजरेला हे पडायचं. आम्ही नुसते लिहितो, फोटो काढतो आणि महिन्याच्या महिन्याला नेऊन देतो. पोच मिळते. पहिल्या चार पोचा मी लॅमिनेट केल्या, त्यावरून घरात भांडण झालं.

हडपसरचा पट्टा आमचा. दांडेकर पुलाकडचा ताईंनी घेतलाय, त्यांच्या मुलीनं मोबाइलवर तक्ता करून दिला. परवा रात्री साडेनवाला फोन आला त्यांचा. ‘काका, दुपारी कोरडी होती, आता भिंतीला ओल दिसतीय. वेळ कुठली टाकू, बघितली तेव्हाची का फोन केला तेव्हाची?’

म्हटलं, ताई, दोन्ही टाका.