चिन्हाला नाव हवे

शाळेत ‘कंचेभागुबेव’ पाठ केलेल्या प्रत्येकाला चिन्हांचा प्राधान्यक्रम ठाऊक असतो. हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत मात्र आपण नवे चिन्ह घडवले की त्याचा क्रमही आपणच ठरवायचा असतो. ० ते ९ असे त्याचे दहा स्तर आहेत: बेरीज-वजाबाकी ६ वर, गुणाकार ७ वर आणि सर्वांत शेवटी लागणारे $ हे ० वर. स्तर लिहिलाच नाही, तर कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, तक्रार करत नाही. तो ९, म्हणजे सर्वांत आधी लागणारा स्तर, धरतो आणि डावीकडून गट पाडतो.

याची किंमत मी गोरेगावच्या एका कार्यालयात, बिलांच्या प्रणालीवर काम करताना मोजली. उत्तर जवळच्या पूर्ण रुपयात देणाऱ्या बेरजेसाठी मी |+| हे चिन्ह केले होते आणि स्तराची ओळ लिहायची राहून गेली होती. दर १०० आणि कर १८ असताना ‘दर |+| कर * २’ याचे उत्तर १३६ यायला हवे होते; आले २३६, कारण आधी बेरीज झाली आणि मग गुणाकार. दोन्हीकडे संख्याच असल्यामुळे टाइपची, म्हणजे मूल्याच्या प्रकाराची, चूकही निघाली नाही.

ओळ लिहायला बसले तेव्हा दुसरा, अधिक खोल प्रश्न पुढे आला. ३० पैसे, ३० पैसे आणि ६० पैसे या रकमा डावीकडून जोडल्या तर २ रुपये होतात, उजवीकडून जोडल्या तर १ रुपया. म्हणजे गट कसेही पाडले तरी उत्तर तेच, हा साहचर्याचा नियमच या क्रियेला लागू नाही, आणि तरीही मी तिला बेरजेसारखा चेहरा दिला होता! वाचणारा माणूस चिन्ह पाहून नियम गृहीत धरतो. <> हे दोन मूल्ये जोडणारे चिन्ह मला आवडते ते याचसाठी, कारण त्याच्यामागे साहचर्याचे वचन असते.

लेन्स या हास्केलच्या लायब्ररीतील, म्हणजे माहितीच्या रचनेतला आतला भाग वाचण्या-बदलण्याच्या तयार कोडमधील, चिन्हांना दुर्बोध म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही. तिथे .~ म्हणजे नवे मूल्य ठेवणे आणि %~ म्हणजे असलेल्या मूल्यावर फंक्शन लावणे; ~ च्या जागी = आले की तेच काम स्टेट मोनॅडमध्ये, म्हणजे एका पायरीकडून पुढच्या पायरीकडे जाणाऱ्या स्थितीवर, होते, आणि आधी < लावला की नवे मूल्यही हाती येते. समासाचा विग्रह करावा तशी ही चिन्हे सोडवता येतात. शिवाय नेहमीच्या चिन्हांना ‘सेट’, ‘ओव्हर’ अशी नावेही आहेत.

नावाचे महत्त्व मला एका संध्याकाळी लोकलमध्ये कळले. नव्याने रुजू झालेली सहकारी फोनवर कोडची ओळ वाचून दाखवत होती आणि मध्येच थांबून म्हणाली, “ताई, हे उभी रेघ, अधिक, उभी रेघ... याला म्हणायचं काय?” माझ्याकडे उत्तर नव्हते. प्युअरस्क्रिप्ट या हास्केलसारख्या भाषेत ही वेळ येत नाही, कारण तिथे प्रत्येक चिन्ह हे आधीपासून नाव असलेल्या फंक्शनचे उपनाम म्हणूनच जाहीर करावे लागते. एल्म या तशाच दुसऱ्या भाषेने २०१८ च्या ०.१९ आवृत्तीत सामान्य प्रोग्रामरची चिन्हे बनवण्याची मुभाच काढून घेतली. मला ते टोकाचे वाटते.

आमच्या |+| ला आता ‘रुपयाबेरीज’ हे नाव आहे. त्याचा स्तर ६ आहे आणि त्याला डावी-उजवी कोणतीच बाजू दिलेली नाही, त्यामुळे तीन रकमा कंसाशिवाय लिहिल्या की कंपायलर तिथेच अडवतो.