एव्हबरीचे दगड आणि आपली कांदिवली

इंग्लंडला जाणाऱ्या आपल्याकडच्या लोकांचं स्टोनहेंज, म्हणजे ते प्रसिद्ध प्राचीन दगडी वर्तुळ, ठरलेलंच असतं. माझं ऐकाल तर त्याच विल्टशायर काउंटीतल्या एव्हबरी गावाला एक आख्खा दिवस द्या आणि चालत फिरा. जगातलं सगळ्यात मोठं दगडी वर्तुळ इथे आहे, बाहेरच्या वर्तुळाचा व्यास साधारण ३३० मीटर. आणि ते इतकं मोठं आहे की त्याच्या पोटात गावाचा बराचसा भाग वसलाय, घरं, पब, मधून जाणारा डांबरी रस्ता, सगळं. वर्तुळ बघायला तिकीट नाही, दगडांभोवती दोरी नाही. मेंढ्या दगडांना अंग घासत चरतात आणि आपणही जाऊन दगडाला हात लावू शकतो. साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी उभा केलेला दगड!

माझा मामेभाऊ स्विंडनला असतो. तिथून बस थेट गावात सोडते. तो, वहिनी आणि मी, डब्यात पोळीभाजीचे रोल, आणि साधारण दहा किलोमीटरची गोल वाट: गाव, मग दगडांची वाट, सिलबरी हिल, जुनं दफनघर, पूर्वेकडची टेकडी आणि परत गाव.

आधी जमिनीबद्दल सांगते, कारण मला सगळ्यात वेगळं तेच वाटलं. आपला मुंबईचा दगड काळा, लाव्हाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथला पांढरा चॉक त्याच्याही आधीचा, समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांचे सांगाडे साचून साचून झालेला. पाऊस पडला की पाणी आत मुरून जातं, त्यामुळे टेकड्या गोलसर, मऊ, गवताच्या, झाडं कमी आणि नजर लांबपर्यंत जाते. नांगरलेल्या शेतात माती पांढरट दिसते. काही ओढे तर फक्त हिवाळ्यात वाहतात, जमिनीतलं पाणी वर आलं की. आणि चॉकच्या ओल्या पायवाटेवर पाय भयंकर घसरतो, बूट चांगले घाला.

वर्तुळाचे दगड मात्र चॉकचे नाहीत, सार्सनचे आहेत, म्हणजे अत्यंत कठीण वाळूचा दगड, जो त्या भागातल्या टेकड्यांवर विखुरलेला पडलेला असायचा. तो ओढत आणून उभा केला. भोवतीचा प्रचंड खंदक लोकांनी हरणाच्या शिंगांनी खणलाय, धातूची हत्यारं नव्हतीच. मुळात बाहेरच्या वर्तुळात शंभराच्या आसपास दगड होते, आज त्यातले बरेच नाहीत. मध्ययुगात काही पुरून टाकले, आणि एका पुरलेल्या दगडाखाली १९३८ मध्ये माणसाचा सांगाडा सापडला, सोबत कात्री आणि चौदाव्या शतकातली नाणी. पुढे सतराव्या-अठराव्या शतकात तर फोडायलाच लागले, दगडाखाली खड्डा करून गवत पेटवायचं, तापला की गार पाणी ओतायचं, मग घण. ते तुकडे गावातल्या घरांच्या भिंतींत गेले. हे वाचून मला वाईट वाटलं पण कुठेतरी बरंही वाटलं, कारण आपण नेहमी म्हणतो ना की तिकडच्या लोकांना जन्मतःच वारशाची किंमत असते. तसं काही नाहीये. जुन्या अवशेषांचा अभ्यासक जॉन ऑब्रे १६४९ मध्ये शिकारीला आला आणि हे बघून थक्क झाला, तसाच दुसरा अभ्यासक विल्यम स्टकली याने १७२० च्या दशकात डोळ्यांदेखत फुटणारे दगड नोंदवून ठेवले, आणि १९३० च्या दशकात मार्मालेडच्या धंद्यातल्या घराण्यातला अलेक्झांडर कीलर, याने चक्क जमीन विकत घेऊन पुरलेले दगड वर काढून पुन्हा उभे केले. जिथे दगड सापडलाच नाही तिथे त्याने काँक्रीटचे छोटे खुंट लावले. म्हणजे इथे होता, आता नाही. मी त्या खुंटांपाशी खऱ्या दगडांपेक्षा जास्त वेळ थांबले असेन.

पुढे वेस्ट केनेट अॅव्हेन्यू, दोन्ही बाजूंना दगडांच्या जोड्या आणि मधून गवताची वाट. मग सिलबरी हिल. माणसांनी रचलेली टेकडी, युरोपातली सगळ्यात मोठी प्रागैतिहासिक, इ.स.पू. २४०० च्या सुमारास, अंदाजे पाच लाख टन माल. आत काय असेल म्हणून १७७६ मध्ये वरून विहिरीसारखं भोक पाडलं, १८४९ मध्ये बोगदा खणला, १९६८ मध्ये परत, टीव्हीवर दाखवत. कुणाचं थडगं नाही, खजिना नाही. आणि २००० साली तो १७७६ चा खड्डा वरून खचला, टेकडीच धोक्यात आली, मग आतली पोकळी चॉकने भरून घेतली. आता वर चढायला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. मामेभाऊ म्हणाला, "ताई, कशासाठी बांधली असेल गं?" कुणालाच नक्की माहीत नाही, आणि त्यामुळे तिच्याकडे बघतच राहावंसं वाटतं.

समोरच्या चढावर वेस्ट केनेटचं दफनघर, साधारण १०० मीटर लांब, इ.स.पू. ३६५० च्या आसपासचं, सिलबरीपेक्षा हजारेक वर्षं जुनं. आत वाकून जाता येतं, पाच खोल्या. किमान ३६ माणसांची हाडं मिळाली, त्यात लहान मुलंही. वहिनी आत आलीच नाही, बाहेर उन्हात बसली.

शेवटी ओव्हर्टन हिलवर सँक्च्युअरी, म्हणजे अजून एका दगडी वर्तुळाची जागा. इथे खरं तर बघायला एकही दगड नाही, स्टकलीच्याच काळात फोडले. १९३० मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉड कनिंग्टन यांनी खणून जागा शोधली आणि आता नुसते काँक्रीटचे खुंट, वर्तुळात वर्तुळं. इथूनच रिजवे ही १३९ किलोमीटरची पायवाट सुरू होते, आम्ही तिच्यावरून थोडं चालून गावाकडे उतरलो.

आता आपल्याकडचं. मी कांदिवलीची. टॉड नावाच्या अभ्यासकाला इथे, कांदिवलीत, जमिनीच्या थरांमध्ये अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली आणि त्यावर त्याने १९३९ मध्ये लेख छापला. म्हणजे मी जिथे भाजी घेते, रिक्षाची वाट बघते त्या भागात अश्मयुगातली माणसं हत्यारं घडवत होती! मला हे खूप उशिरा कळलं, शाळेत कुणी सांगितलं नाही आणि मी जाते-येते त्या एकाही रस्त्यावर तशी पाटी बघितलेली नाही. आता तिथे टॉवर असतील, रस्ता असेल, मान्य. पण सँक्च्युअरीलाही दगड नाहीत, तरी जागा दाखवलीय आणि लोक जाऊन उभे राहतात. काँक्रीटचा एक खुंट लावायला काय जातं?

तर टॉडचा तो १९३९ चा लेख कुणाकडे असेल तर प्लीज कळवा. त्यात जागेचं वर्णन नीट असेल तर एका रविवारी सकाळी कांदिवली स्टेशनपासून चालत जाऊन ती जागा शोधायचीय. दोघी मैत्रिणी तयार आहेत, अजून कुणाला यायचं असेल तर सांगा, पाऊस थांबला की निघू.